पंधराला दोन बोटं

आमच्या घरी वेग बोटांनी मोजत. बाबा टेम्पो चालवायचे. टेम्पो त्यांचा नव्हता. अमरावतीच्या बाहेर मळा असलेल्या एका माळी कुटुंबाचा होता. त्यांची वांगी, टमाटे, फुलकोबी आठवड्यातून तीनदा परतवाड्यावरून घाट चढून मेळघाटातल्या बाजारांना पोचवायची, हे बाबांचं काम. बाकीच्या गाड्यांत समोरच्या काचेपाशी लिंबू-मिरची लोंबायची. आम्ही बौद्ध. बाबांनी त्या जागी मायने विणलेला निळ्या लोकरीचा एक फुंदा, म्हणजे गोंडा, टांगला होता. तो हलका पडू नये म्हणून मायने त्याच्या पोटात एक लोखंडी नट घालून वरून टाके घातले होते. दोरी बरोबर एक वीत लांब. फुंद्याच्या मागे काचेवर बाबांनी लाल ऑइलपेंटने रेघा ओढल्या होत्या. मधे एक उभी रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेका बोटाच्या अंतरावर चार-चार. रस्ता सरळ असला की फुंदा मधल्या रेघेवर गुमान राही. वळण आलं की तो वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरके. वळण जितकं अवघड आणि गाडी जितकी जोरात, तितका जास्त. बाबा वेगाच्या काट्याकडे क्वचितच पाहत. ते फुंद्याकडे पाहत आणि म्हणत, "चार बोटांच्या वर फुंदा गेला का गाडी आपली राहत नाई. मंग थे डोंगराची." हा नियम त्यांना कोणी शिकवला होता की पंधरा-वीस वर्षांच्या घाटाने, ते मी कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं, पण सांगायला ते नाहीत.

मी त्या टेम्पोत बसून सेमाडोहपर्यंत एकदाच गेले, सातवीच्या सुट्टीत. मागे टमाट्याचे क्रेट, समोर मी, माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर आणि मिरचीचा ठेचा. घाट चढून गेल्यावर सेमाडोहच्या अलीकडे उतार लागतो. त्या उतारावर एक डावं वळण होतं, ताटाच्या काठासारखं गोल आणि आवळ. तिथे पोचायच्या आधी बाबांनी गिअर बदलला आणि मला म्हणाले, "कुंदे, काटा पाय. कितीवर हाय?" मी म्हणाले, पंधरावर. "आता फुंदा पाय." फुंदा हळूच उजवीकडे सरकला आणि दुसऱ्या रेघेवर जाऊन थांबला, वळण संपेपर्यंत तिथेच. जणू त्याला कोणी बोटाने धरून ठेवलं होतं. "पंधराले दोन बोटं," बाबा म्हणाले. "ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या ध्यानात ठेवण्यात आहे.

घर दोन खोल्यांचं. पहाटे चारला स्टोव्हचा आवाज, मग भाकरीच्या थापा, मग बाबांचं पंचशील. गाडी सुरू करण्याआधी ते बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे उभे राहून पाचही शीलं म्हणत. पहिली चार पुटपुटत, आणि पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, इतक्या मोठ्यानं की आम्ही झोपेतून दचकत असू. माझे आजोबा दारूने गेले होते. बाबांनी लहानपणी त्यांना नालीतून उचलून घरी आणलं होतं. आमच्याकडे चोरीही चालली नसती हे खरं, पण दारूचा नुसता वास घरात येणं म्हणजे बाबांच्या लेखी बाप पुन्हा मरणं होतं. हे सगळं आम्हा दोघा भावंडांना न सांगता कळलेलं होतं. मी आणि माझा मोठा भाऊ विजू, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणायची. दादा आठवीतून शाळा सोडून बाबांच्या हाताखाली गाडी शिकला. गळा गोड होता. वांग्याची भाजी करता करता माय त्याला गायला लावायची, आणि तो पातेल्यावर ठेका धरून भीमगीतं म्हणायचा. घरात शिकायचं ते मीच, असं जणू ठरूनच गेलं होतं. माझ्या वह्या बाबा रद्दीत देत नसत. लिहून भरलेली वही ट्रंकेत जायची.

मी दहावीत असताना बाबांना कावीळ झाली. डॉक्टरांनी महिनाभर अंथरूण सांगितलं. मालकांनी टेम्पो दादाच्या हातात दिला. त्याचा परवाना नुकताच आला होता. दादाने गाडी तशीच चालवली जशी बाबा चालवत, पण बाबांना जे पचत होतं ते त्याला पचेना. बाकीचे टेम्पोवाले मागून हॉर्न देत पुढे जात आणि खिडकीतून ओरडत, "व्हय बाजूले, बैलगाडी!" बाजारात जो आधी पोचेल त्याला तोंडावरची जागा मिळे. दादा पोचायचा तेव्हा उरायची ती मागची, नाल्याकडची. तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा टमाटे परत आले. मालकांची आई म्हातारी, पण जीभ तिखट. ती म्हणाली, "बापू, टमाटे फिराले नेतं का विकाले?" दादा हसत घरी आला, पण जेवला नाही.

संध्याकाळी मी कंदिलाशी गणितं सोडवत होते. त्या दिवसांत आमच्याकडे वीज यायची आणि जायची, त्यापेक्षा जायचीच जास्त. दादा शेजारी येऊन बसला.

"कुंदे, तू हुशार हायेस ना?"

"काहून? कोण म्हणते नाई म्हणून?"

"मंग सांग. थ्या डाव्या वळणावर पंधराले दोन बोटं येते. बाबा म्हणते चारच्या वर न्याचं नाई. मंग चार बोटाले काटा कितीवर पायजे?"

मला हसू आलं. इतकं सोपं गणित मला सहावीतही कोणी घातलं नव्हतं. दोनाला पंधरा, तर चाराला किती? मी वहीच्या मागच्या पानावर त्रैराशिक मांडलं, ते मांडायची गरज नव्हती तरी मांडलं, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं: तीस.

"पक्कं?" दादाने विचारलं.

"गणित हाय ते, दादा. गणित काय पक्कं आन् कच्चं असते?"

"आन् बाबा पंधरानं रखडते!" तो म्हणाला. मग जरा विचार करून, "तरी मी अठ्ठावीसच धरीन. दोनाची सूट असू दे." एवढं बोलून त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि मायला हाक मारून भाकर मागितली. भाकरी तीन खाल्ल्या त्याने त्या दिवशी, कढी-गोळ्यांबरोबर. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. घरात पहिल्यांदा कोणाला तरी माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला होता.

त्या आठवड्यात टेम्पो उलटला. त्याच उतारावर, त्याच डाव्या वळणावर. गाडी उजव्या अंगावर पडली, आणि ड्रायव्हर लोक ठेवतात तसा खिडकीवर ठेवलेला दादाचा उजवा हात खाली आला. जवळच्या वस्तीवरची कोरकू माणसं धावली. त्यांनी त्याला बाहेर ओढलं, हात धोतराच्या पट्टीने बांधला, आणि वाटेत त्याची शुद्ध जाऊ नये, कळ सोसवावी म्हणून मोहाची दारू पाजली. त्यांच्याकडे दुसरं औषध नव्हतं. लाकडाच्या ट्रकमधून त्याला अमरावतीला आणलं. हात कोपराच्या वरून काढावा लागला.

बाबा पिवळ्या डोळ्यांनी, मायच्या खांद्याचा आधार घेत ऑटोतून दवाखान्यात आले. दादा खाटेवर होता. बाबा त्याच्या तोंडाजवळ वाकले. मी पायथ्याशी उभी होते. मला वाटलं ते त्याच्या कपाळाला हात लावणार. ते वाकले, तसेच थांबले, आणि सरळ झाले. त्यांना वास आला होता.

"बाबा, थे मले मांगून पाजली," दादा म्हणाला. "गाडी पडल्यावर. इच्यारा त्याईले."

"कितीनं होता?"

दादा खरं बोलला. "अठ्ठावीस."

"होशातला माणूस थ्या वळणावर अठ्ठावीस घालत नाई," बाबा म्हणाले आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. त्यानंतर ते दादाशी बोलले नाहीत.

दादाने तिथेच सांगायला हवं होतं: कुंदाने गणित करून दिलं म्हणून घातला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. मी काय केलं ते लिहायला मला या वयातही जड जातं, पण हे प्रकरण त्यासाठीच लिहिते आहे. माझ्या मनात त्या क्षणी असं आलं की दादा पिऊनच होता. माझं गणित मला आठवत होतं. त्याप्रमाणे तीसला चार बोटं, म्हणजे अठ्ठावीसला चारही नाहीत. गाडी पडायला नकोच होती. गणित बरोबर होतं, म्हणून दादा खोटा होता. बाबांनी वासावरून त्याला दोषी धरलं, मी त्रैराशिकावरून. मीही त्याच्याशी तुटक बोलू लागले. तो डाव्या हाताने भाकर मोडायला शिकत होता, घास सांडत होता, आणि मी माझं ताट घेऊन वहीपाशी जाऊन बसत होते.

दहावीनंतर मी अकोल्याला मावशीकडे शिकायला गेले. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका गल्लीत तिची खोली. मावशी एका दवाखान्यात आया होती, लवकर विधवा झालेली, अंगठा लावून पगार उचलणारी. माझं पुस्तक ती दोन्ही हातांनी उचलायची, वरण भरलेलं पातेलं उचलावं तसं. सकाळी गल्लीत भांडीवाल्यांची ठोकठोक सुरू व्हायची, आणि त्या आवाजात मी इंग्रजीतलं विज्ञान पाठ करायची. कळायचं निम्मं. बारावीत फिजिक्सला एक सर होते, शर्टाच्या बाह्यांवर कायम खडूची भुकटी. ते इंग्रजीत सुरू करत, वर्गाची तोंडं पाहत, आणि पुस्तक मिटून वऱ्हाडीवर येत. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्या दिवशी मला ते वर्गात नसते तर बरं, असं वाटलं.

पहिलंच प्रकरण वर्तुळाकार गतीचं. सरांनी फळ्यावर एक गोल काढला आणि विचारलं, "गोलात फिरणाऱ्या वस्तूचा वेग दुप्पट केला, गोल तेवढाच ठेवला, तं त्वरण किती होईन?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "दुप्पट!" त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

"चौपट," सर म्हणाले. "काहून, ते आयका. वळणावर गाडीची दिशा बदलाव लागते. वेग दुप्पट, म्हणजे जे वळवाचं तेच दुप्पट झालं. आन् वळण तेवढंच, गाडी दुप्पट जोरात, म्हणजे वळवाले वेळ भेटला अर्धा. दुप्पट काम अर्ध्या वेळात. झालं का नाई चौपट? तिप्पट वेग कराल तं नऊपट. वेगाचा वर्ग." आणि त्यांनी फळ्यावर ते सूत्र लिहिलं, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या.

मी पुढे तीस वर्षं हेच सूत्र शिकवलं. दर वर्षी मी तोच प्रश्न विचारायची आणि दर वर्षी वर्ग ओरडायचा, दुप्पट. मी त्यांना कधी रागावले नाही. माणसाचं मन सरळ रेघेत चालतं. दोनाला पंधरा तर चाराला तीस, हे त्याला इतकं न्याय्य वाटतं की डोंगरही ते मानेल असं ते धरून चालतं. पण त्या दिवशी मी बाकावर बसून पेन्सिलीने केलेलं गणित असं होतं: पंधराला दोन. तीसला चार नाही, आठ. अठ्ठावीसला सात बोटं, एखादा दाणा कमी. काचेवर रेघा होत्या चार. मी पुन्हा केलं. पुन्हा सातच आलं. दादा दारू प्यालेला नव्हता. तो माझ्या वहीवर विश्वास ठेवून गेला होता, आणि वरून दोनाची सूटही ठेवून.

हे कळल्यावर मी धावत अमरावतीला गेले असेन असं कोणाला वाटेल. मी पाच महिने गप्प राहिले. भीती होती. बाबा माझ्या शिकण्यावर जगत होते. नाक्यावरच्या चहावाल्यापासून मालकांच्या आईपर्यंत सगळ्यांना ते माझे मार्क सांगत. त्यांना कळलं की याच शिक्षणाने पोराचा हात नेला, तर ते कॉलेजातून माझं नाव काढून घेतील, असं मला वाटे. आणि खरं सांगायचं तर शिक्षा झाली तर ती योग्यच आहे, असंही वाटे, म्हणून अधिक भीती. मला घास जाईना. मावशी म्हणे, "परीक्षेचं टेन्शन घेऊ नको वं माय," आणि माझ्या ताटात आणखी भात घाली.

मग मायचं पत्र आलं, शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेलं. पत्रं मीच मावशीला वाचून दाखवायची. तब्येत बरी, तुरीच्या शेंगा आल्या, आणि खाली: विजू घर सोडून सुरतेला जातो म्हणते, येत्या सोमवारी, कोणाचं आयकत नाही, बाबा अडवत नाहीत. मी वाचता वाचता थांबले, आणि मावशीला सगळं सांगून टाकलं. तिला त्वरण कळलं नाही, पण बाकीचं कळलं. ती उठली, चुलीवरचं खाली उतरवलं, आणि म्हणाली, "जाय मंग. खरं बोलाले का मुहूर्त पायाव लागते?" तिने मला रविवारी सकाळच्या एसटीत बसवून दिलं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. वाक्यं जुळवत होते, एकही जुळलं नाही.

घरी बाबा अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. दादा आतल्या खोलीत, पिशवी भरत. माय मला पाहून घाबरली. मी चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, "बाबा, दादा दारू पेला नव्हता."

बाबांचे हात थांबले नाहीत. "अकोल्याहून हे सांगाले आली?"

"तुमी कधी थ्या डाव्या वळणावर वीसनं नेली का गाडी?"

त्यांनी वर पाहिलं. "एकडाव. पावसाच्या आधी पोचाचं होतं म्हणून."

"किती बोटं आली होती?"

"साडेतीन." त्यांनी हातातली शेंग फोडली. "मायी छाती धडधडली होती. म्हणून ध्यानात हाय."

"पंधराले दोन, आन् वीसले साडेतीन. पाच वाढवले तं दीड बोट वाढलं. मंग अठ्ठावीसले किती होईन?" मी खाली बसले आणि खडूच्या तुकड्याने अंगणातल्या फरशीवर मांडलं, सरांनी मांडलं तसं. बाबा चौथी शिकलेले. वर्ग म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्यांना ते वळण ठाऊक होतं. सात हा आकडा लिहिला तेव्हा त्यांनी शेंगा खाली ठेवल्या.

"त्याले अठ्ठावीस कोणं सांगतलं?" ते म्हणाले.

"मी. मी तीस सांगतलं होतं. पंधराले दोन, मंग चारले तीस, असं. मायं गणित चुकलं बाबा. त्यानं दोन कमी करून अठ्ठावीस ठेवला."

"कुंदे, गप न वं," दादा म्हणाला. तो दारात येऊन उभा होता, रिकामी बाही शर्टात खोवलेली. त्याला पाहून कळलं की त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. गाडी आडवी व्हायला लागली तेव्हाच, त्याने मला नंतर सांगितलं, फुंदा चारही रेघा ओलांडून गेलेला त्याने पाहिला होता.

माय रडत म्हणाली, "मंग तू बोलला काहून नाई रे, दोन वर्सं?"

"बोललो असतो तं बाबानं हिचं नाव शाळेतून काढलं असतं," दादा म्हणाला. "माया तं एक हातच गेला होता. हिचं डोकं काहून घालवाचं?"

शेजारी कोणी तरी रेडिओ लावला होता. बाबा फरशीवरच्या आकड्यांकडे पाहत राहिले. मला वाटलं आता ते उठतील आणि ट्रंकेतल्या माझ्या वह्या बाहेर काढतील. मी त्याला तयार होते. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मंग चारले किती पायजे होता? खरा."

मला वर्गमूळ काढावं लागलं. एकदा चुकलं, पुसलं, पुन्हा काढलं. "एकवीस, बाबा. एकवीसच्या वर नाई."

"एकवीस," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "एकवीस." त्यांनी धोतराला हात पुसले आणि मान वळवून दाराकडे पाहिलं.

"विजू," ते म्हणाले. दोन वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. "एकवीस हाय थे. आयकलं का बापू?"

"आयकलं, बाबा," दादा म्हणाला.